पांढऱ्या चाकांचा संशय

दरेकशाच्या वाटेवर एक चढण होती. बैलगाडीवालेसुद्धा तिथं खाली उतरून गाडीला खांदा देत. उदाराम मुनशी मात्र ती सायकलवर बसूनच चढायचा. सीटवरून जरासा उठायचा, छाती हँडलवर आणायचा आणि एका दमात माथा गाठायचा. तेंदूपत्ता वाळवायच्या फडांवर त्याच्या या करामतीची चर्चा चाले, आणि ती आपल्या कानावर पडावी म्हणून उदारामही जरा जवळपास रेंगाळत असे.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली, त्याच्या आधीचा तो उन्हाळा. चैतातल्या एका सकाळी उदाराम त्या चढणीवर अर्ध्यातच उतरला. ठरवून उतरला नाही. पायडल खाली जाईना, सायकल डगमगली आणि पडण्याच्या आत पाय आपसूक जमिनीला टेकला.

वाटेच्या कडेला बाया मोहफुलं वेचत होत्या. त्यांतली एक कंबर सरळ करत म्हणाली, "का जी मुनशी, आज पायी पायी?"

"चैन उतरली," उदाराम म्हणाला.

चेन जागच्या जागी होती. तरी बाईसमोर खोटं पडू नये म्हणून तो खाली बसला आणि तिला हात लावल्यासारखं करू लागला. कानात छातीचे ठोके वाजत होते. ते रागाचे आहेत असं त्यानं धरून घेतलं. मग सायकलचं मागचं चाक उचलून त्यानं फिरवून पाहिलं. चाक आवाज न करता फिरलं, फिरतच राहिलं. ब्रेक घासत नव्हता, टायरात हवा होती. आणि तरीही काल-परवापर्यंत वाऱ्यासारखी पळणारी सायकल आज चिखलातल्या नांगरासारखी झाली होती.

सायकल आपोआप जड होत नसते. ती कोणीतरी जड केली असली पाहिजे. उरलेली चढण सायकल ढकलत चढताना उदारामच्या मनात एवढाच विचार होता, आणि माथ्यावर पोचेपर्यंत त्या 'कोणीतरी'ला नावही मिळालं होतं. रामलाल.

उदाराम गोंदियाच्या गुलाबचंद शेठचा मुनशी होता. शेठचे बिडीचे कारखाने, आणि बिडीला लागणारा पत्ता सालेकशाच्या जंगलातला. उन्हाळ्यात गावोगावचे लोक पानं तोडून, पुडे बांधून फडावर आणत. तिथं ते उन्हात वाळत पडत. मुनशीचं काम या फडावरून त्या फडावर फिरण्याचं. पुडे नीट बांधलेत का, वेळेवर पलटलेत का, आभाळ भरून आलं तर झाकलेत का, हे सारं बघायचं. मोटार त्या वाटांना जात नव्हती आणि घोड्याचा खटाटोप शेठला नको होता. म्हणून सायकल. ज्याची सायकल पळती, त्याच्या ताब्यात फड जास्त, आणि ज्याच्या ताब्यात फड जास्त, त्याला गावात मान जास्त.

हा मान कित्येक हंगाम उदारामचा होता. मागच्या वर्षी शेठनं रामलालला आणलं. गोंदियात वाढलेला, अर्धी चड्डी घालणारा, मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारा तरणा गडी. आणि यंदा रामलालच्या सायकलला पांढरी चाकं होती. रेल्वेचा एक गार्ड शर्यतीत सायकल पळवायचा. त्याच्याकडून रामलालनं ही चाकं मिळवली होती. नेहमीच्या काळ्या पोलादी रिमांऐवजी अल्मिनमच्या रिमा. फडावर लोक जमले की रामलाल पुढचं चाक काढायचा, एका बोटावर टांगून दाखवायचा आणि म्हणायचा, "देखो. पत्त्याच्या पुड्यासारखं हलकं."

शेठ हंगामाच्या सुरुवातीला सालेकशाला आले तेव्हा स्टेशनासमोरच्या गोदामात दोघे मुनशी हजर होते. शेठ सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "उदाराम, रामलाल तो दोपहर के पहले सब फड घूम आता है. तुमची गाडी लेट काऊन होऊन रायली?"

शेठ स्वतःच्या विनोदाला हसले. रामलाल हसला नाही, खाली पाहू लागला. उदारामला ते खाली पाहणंच जास्त खटकलं. ज्यानं काही केलेलं नसतं, त्याला खाली पाहायची गरज काय?

मग तो आठवू लागला. गोदामाच्या पडवीत दोन्ही सायकली शेजारी शेजारी उभ्या असतात. रामलाल त्याच्या आधी येतो. परवा तो उदारामच्या सायकलजवळ वाकलेला होता. विचारलं तर म्हणाला, रुमाल पडला. रुमाल! उदारामनं त्याच्या हातात कधी रुमाल पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून सायकल पडवीत राहीना. घरी आला की उदाराम ती आत घेई, धान साठवायच्या ढोलीला टेकवून उभी करी आणि चाकाला दोरी बांधून ठेवी. गाठ अशी मारायचा की दुसऱ्या कोणी सोडली तर कळावं. सकाळी आधी गाठ बघायची, मग तोंड धुवायचं.

त्याची बायको शकुंतलाबाई हे पाहत होती. एक दिवस म्हणाली, "चोराची भीती हाय का जी?"

"चोर नेत असते. हे तं घालून जाऊन रायले."

"काय घालून?"

ते उदारामलाही सांगता आलं नसतं. सीटखालच्या नळीत शिसं ओतलं असेल, चाकाच्या छऱ्यांत वाळू टाकली असेल, टायरात पाणी भरलं असेल, असं त्याच्या मनात रोज नवं येई. त्यानं एकेक खोलून पाहिलं. नळी पोकळ होती. छरे स्वच्छ होते. टायरात हवाच होती. काही सापडलं नाही, तेव्हा रामलाल आपल्याला वाटला त्याहून जास्त पोचलेला आहे, एवढंच त्यानं त्यातून घेतलं.

सालेकशाच्या बाजारात केवलराम सायकली दुरुस्त करायचा. मोठाली बोटं, कमी बोलणं. उदाराम त्याच्याकडे गेला आणि पांढरी चाकं मागवून दे म्हणाला.

केवलराम हातातल्या चाकाचा स्पोक आवळत होता. मान वर न करता म्हणाला, "कायले?"

"रामलालले कायले पायजे होती?"

"त्याले दाखवाले पायजे होती." केवलरामनं चाक फिरवून पाहिलं. "फरक पडते, पडत नाई असं नाई. निघताना उचल लवकर घेते. चढणीवर जराशी सोय होते. पन तुमी सांगून रायले तेवढा फरक चाकाचा नाई, भाऊ. सायकलवर तुमचं अंग किती, लोखंड किती, अना त्यातलं चाक ते किती!"

माणूस साधं सांगत होता. पण संशयाचं पाणी एकदा वाहू लागलं की ते बांध बघत नाही. हा आपल्याला चाकं घेऊ का देत नाही? आपली सायकल पळू नये असं याला का वाटतं? रामलाल याच्याच दुकानात चहा पितो. उदारामनं सारं जुळवलं आणि हट्टालाच पेटला. "तू मागव. बाकीचं मी पाहीन."

चाकांसाठी त्यानं घरचा गोऱ्हा विकला. शकुंतलाबाईनं त्या गोऱ्ह्याला आपल्या हातानं कोंडा चारून वाढवलं होतं. बाजाराच्या दिवशी तिनं दावं सोडून नवऱ्याच्या हातात दिलं आणि आत निघून गेली. उदारामला ते दिसलं, पण त्याच्या डोळ्यांपुढं तेव्हा पांढऱ्या रिमा होत्या.

चाकं कलकत्त्याहून रेल्वेनं आली. केवलरामनं ती बसवली, नवे टायर चढवले, छऱ्यांत नवं ग्रीस भरलं. उदारामनं पहिल्या फेरीला सायकल काढली आणि बाजाराच्या टोकाला पोचायच्या आतच त्याच्या तोंडावर हसू आलं. काय चालत होती! पायडलवर पाय ठेवायचा अवकाश. चढणीवर दम लागला, पण उतरावं लागलं नाही. माथ्यावर त्यानं सायकल थांबवली आणि मागं वळून वाटेकडे पाहिलं. कोणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

चार-सहा दिवस असेच सुखाचे गेले. घरी आला की तो रिमा धोतराच्या सोग्यानं पुसायचा. शकुंतलाबाईशीही नीट बोलू लागला. मग एका दुपारी फडावरून परतताना सपाट वाटेवरच पाय भरून आले. त्याला वाटलं, ऊन आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडाव्यात पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी चढणीच्या पायथ्याशीच तो उतरला, आणि उतरल्यावरही झाडाला धरून उभं राहावं लागलं. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते.

सायकल पुन्हा जड झाली होती.

आता उदारामला काही शोधावं लागलं नाही. चार दिवसांपूर्वी स्पोक आवळायला म्हणून केवलरामनं सायकल अर्धा दिवस ठेवून घेतली होती. तेवढ्या वेळात काय होत नाही? कलकत्त्याच्या खऱ्या रिमा काढल्या, पोलादाला पांढरा रंग फासला, त्या बसवल्या, आणि खऱ्या विकून टाकल्या. कोणाला विकल्या तेही उघड होतं. आपला गोऱ्हा गेला, गावात हसं झालं, आणि हे दोघे चहा पीत बसतात!

बाजाराचा दिवस होता. केवलरामच्या दुकानासमोर चहाची टपरी. तिथं फडवाले, गाडीवाले, मोह विकायला आलेले गोंड, असे पंधरा-वीस लोक बसले होते. रामलालही होता. उदारामनं सायकल केवलरामच्या पायांशी आदळली.

"माही चाकं कोठी हायेत?"

केवलरामनं सायकलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सायकलले हायेत."

"हे माही नाई होत. माही तू इकली. चोर हायेस तू! रंग मारून लोखंड बसवलंस अना माही याले इकली." त्याचं बोट रामलालकडे गेलं.

टपरीवरचे आवाज बंद झाले. त्या बाजारात चोर हा शब्द कोणी सहज वापरत नसे. त्यापायी डोकी फुटलेली लोकांनी पाहिली होती. केवलराम सावकाश उठला. हात चिंधीला पुसले. चेहरा काळा पडला होता, पण आवाज चढला नाही.

"इतक्या लोकाईसमोर बोललेस. तं आता इतक्या लोकाईसमोरच होऊन जाऊ दे."

त्यानं दोन्ही चाकं काढली. रामलालनं न बोलता आपलीही काढून दिली. उदारामची जुनी पोलादी चाकं दुकानाच्या आढ्याला टांगलेली होती, तीही उतरवली. समोर धान्याच्या दुकानात मोठा तराजू होता. आधी उदारामची पांढरी चाकं एका पारड्यात, रामलालची दुसऱ्यात. काटा मधोमध उभा राहिला. मग रामलालची काढून पोलादी ठेवली. पारडं खाली बसलं.

गाडीवाल्यांत कोणीतरी हसलं. उदारामचे कान तापले. पण मान्य करणं आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं. "तराजूचं मले सांगू नोको," तो म्हणाला. "तराजूवर मी बसत नाई. सायकलवर बसतो. मले पायाले समजते."

"पायाले समजते?" केवलराम म्हणाला. "बरं. मंग पायालेच इचारू."

बाजाराबाहेर तलाव होता, आणि तलावाच्या पाळीपासून, त्या मातीच्या बांधापासून, दरेकशाची वाट चढायला लागत होती. केवलरामनं एकच सायकल घेतली, उदारामची. त्याच्याच पांढऱ्या नि पोलादी चाकांच्या दोन्ही जोड्या तलावावर नेल्या आणि रिमांना काठचा काळा गाळ असा फासला की पांढरं कोणतं नि काळं कोणतं ते दिसू नये. "आधी एक जोडी बसवीन, मंग दुसरी. तुमी दोघंबी चढा. कोनती हलकी ते सांगा. बसवताना तिकडं तोंड करून उभे राहा."

अर्धा बाजार पाळीवर जमला होता.

रामलाल पहिला गेला. एकदा चढून आला, चाकं बदलल्यावर पुन्हा चढून आला. उतरल्यावर डोकं खाजवू लागला. "पहिली हलकी वाटते. निघतानी जरासं समजलं. वर गेल्यावर काही समजून नाही रायलं." आणि मग जरा ओशाळून, "मी तं समजत होतो, बहुत फरक असेल."

केवलरामनं पाना उचलला. चाकं पुन्हा काढून बसवली. उदाराम तलावाकडे तोंड करून उभा होता. पाण्यावर ऊन चमकत होतं, ते त्याच्या डोळ्यांना सहन होईना. मागून पान्याचा आवाज येत होता आणि त्या आवाजातही त्याला काहीतरी कारस्थान ऐकू येत होतं.

पहिल्या खेपेला त्यानं जीव एकवटून पायडल मारले. रागाचं बळ होतं. चढणीच्या वळणापर्यंत जाऊन तो फिरला, उतारानं खाली आला आणि ओरडला, "हे! हे होत माही चाकं. हलकी!"

केवलरामनं बोटानं रिमेवरचा गाळ पुसला. खालून काळं पोलाद निघालं.

कोणी हसलं नाही. उदारामनं त्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, हीसुद्धा काहीतरी हातचलाखी आहे. पण कशी, ते त्याला जुळवता येईना. विचार सुरू करायचा आणि मध्येच तुटायचा. "दुसरी लाव," तो म्हणाला.

"राहू द्या, भाऊ," रामलाल म्हणाला. "तुमचा चेहरा पाहा."

"दुसरी लाव!"

दुसऱ्या खेपेला तो पाळीवरून निघाला आणि चढ लागल्याबरोबर सायकल थांबली. त्यानं उठून, सारं अंग पायडलवर टाकलं. पायडल खाली गेलं नाही. छातीत ढोल वाजत होता. लोकांचे आवाज दूर गेल्यासारखे झाले, वाट आधी पिवळी दिसली, मग काहीच दिसेना.

शुद्धीवर आला तेव्हा कोणीतरी त्याच्या तोंडाशी लोटा धरला होता. पाणी ओठांना लागलं आणि त्याला दिसलं की लोटा रामलालच्या हातात आहे. त्यानं तोंड फिरवलं.

रामलालला कळलं. त्यानं लोट्यातल्या पाण्याचा आधी आपण घोट घेऊन दाखवला, आणि लोटा पुन्हा पुढं केला. उदाराम प्याला.

त्याच दुपारच्या गाडीनं रामलालनं त्याला गोंदियाला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"काही नाई जी," उदाराम म्हणाला. "सायकल जड झाली."

डॉक्टर हसले, पण त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहताना हसू गेलं. मग त्यांनी नखं पाहिली, जीभ पाहिली, पायाच्या घोट्यावर बोट दाबलं. बोटाचा खळगा तसाच राहिला. "किती महिन्यांपासून दम लागतोय?"

"दम लागत नाई. सायकल..."

"सायकल चांगली असेल हो. तुमच्या अंगात रक्त कुठं आहे? कागदासारखे पांढरे झाला आहात. या अंगानं तुम्ही सायकल चढवत होता?"

रक्त नाही हे ऐकल्यावर उदारामच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की ते कोणी घेतलं. कोणी करणी केली, कोणी खायला घातलं. दुसऱ्या दिवशी तपासणी झाल्यावर त्यानं डॉक्टरांना तसं विचारलंही. डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपाशी बोलावलं आणि डोळा लावायला सांगितलं. उजेडात लहान लहान लांबट अंडी दिसत होती.

"ही तुमच्या पोटातल्या किड्यांची अंडी. दोऱ्यासारखे बारीक किडे असतात. आतड्याला चिकटतात आणि रक्त पीत राहतात. अनवाणी पायानं ओल्या मातीत चालता ना? धानाच्या बांधीत, तलावाच्या काठाला, जिथं लोक परसाकडं जातात तिथं? पायाच्या कातड्यातून शिरतात. तुम्हाला कोणी काही केलेलं नाही."

उदाराम बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून उभा राहिला. इतके दिवस तो गाठी बांधत होता, नळ्या ठोकून बघत होता, माणसांचे डोळे वाचत होता. आता रागवायला समोर कोणी नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

वासानंच पोट ढवळून येईल असं औषध मिळालं, वर जुलाबाचं मीठ. मग रोज घ्यायचं लोखंडाच्या चवीचं काळपट पाणी. निघताना डॉक्टर म्हणाले, "घरात आणखी कोण आहे? त्यांनाही घेऊन या."

पुढच्या बाजाराच्या दिवशी उदाराम सालेकशाला गेला. पायी गेला. मुद्दाम टपरी भरेपर्यंत थांबला आणि मग केवलरामच्या दुकानासमोर उभा राहिला.

"मी तुले चोर म्हनलो. ते खोटं होतं. माह्या अंगातच दुखणं होतं."

केवलराम टायरात ट्यूब घालत होता. "मोठ्यानं बोल," तो म्हणाला. "त्या दिवशी मोठ्यानं बोललेस."

उदाराम टपरीकडे वळला आणि तेच पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. रामलाल उगाच कपातला चहा ढवळत राहिला.

"झालं," केवलराम म्हणाला. "पन तुही सायकल मी यंदा हाती धरनार नाई. माह्या पोटात अजून दुखून रायलं. पुढच्या साली आन."

उदारामला ते बरोबर वाटलं. तो घरी आला.

शकुंतलाबाई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. त्यानं तिला सारं सांगितलं. अंडी, किडे, पायातून शिरणं, आणि डॉक्टरांनी तिलाही बोलावलंय ते. तिनं सूप थांबवलं नाही. त्याचं बोलून झालं तेव्हा म्हणाली, "मंग ते मले बी असन."

"तुले काऊन वाटते?"

"घागर जड लागते. लय दिसाची. विहिरीपासून घरापर्यंत येतानी दोनदा उतरून ठेवतो. रात झाली का पाय सुजते."

उदाराम तिच्याकडे पाहत राहिला. तिचे ओठ, हिरड्या, नखं, सगळं त्याच्यासारखंच पांढरं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या अंगावर जे ओळखलं, ते रोज जेवायला वाढताना त्याच्यासमोर असायचं.

"सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? घागर जड झाली म्हनून कोनावर आळ घेऊ?" तिनं खडे निवडून बाजूला टाकले. "मले वाटलं, बाईचं असंच असते."

दुसऱ्या दिवशी तो तिला गाडीत बसवून गोंदियाला घेऊन गेला. डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुमच्यापेक्षा यांची हालत वाईट आहे." मग तिला विचारलं, माती खावीशी वाटते का? शकुंतलाबाई खाली मान घालून हो म्हणाली. चुलीची भाजकी माती ती कित्येक महिने लपून खात होती. उदारामला हे पहिल्यांदा कळत होतं. जो माणूस कोणी सायकलच्या गाठीला हात लावला तर ओळखायचा, त्याला.

तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. तेवढे दिवस उदाराम व्हरांड्यात राहिला. फडांचं काम रामलालनं ओढलं. दोघांचे फड एकटा फिरला आणि शेठना म्हणाला, उदारामभाऊ येईपर्यंत त्यांचे फड त्यांच्याच नावावर राहू द्या. उदारामला कोणी हे सांगितलं तेव्हा जुन्या सवयीनं त्याच्या मनात आलं, याचा काय डाव असेल? मग त्याचं त्यालाच हसू आलं. संशयही दोन-चार डोसांत जाण्यातला नव्हता.

दिवाळीच्या सुमाराला शकुंतलाबाईच्या तोंडावर रंग आला. डॉक्टरांनी बजावलं होतं की अनवाणी फिरायचं नाही, म्हणून उदारामनं आमगावच्या बाजारातून तिच्यासाठी चामड्याच्या चपला आणल्या. गावात बायका चपला घालत नसत. पहिल्या दिवशी ती घागर घेऊन निघाली तेव्हा विहिरीवरच्या साऱ्या बाया बोलायच्या थांबल्या. मुनशीणीला झालं काय? नवऱ्याला शेठनं काय दिलं? की गोंदियाला जाऊन साहेबीण होऊन आली?

रुख्मा नावाची शेजारीण शेवटी विचारतीच झाली, "चपला कायले वं, मुनशीन? पाय भाजून रायले का?"

"पायातून किडे शिरते म्हने."

"कोन म्हनते?"

"डाक्तर म्हनते."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. रुख्मानं घागर कडेवर घेतली आणि म्हणाली, "डाक्तराचा चपलेचा धंदा असन." सगळ्या खळखळून हसल्या. शकुंतलाबाईही हसली, पण चपला काढल्या नाहीत. भरलेली घागर तिनं डोक्यावर घेतली आणि वाट चालू लागली. रुख्मा जरा अंतर ठेवून तिच्या मागं मागं येत होती. आधी तिच्या चपलांकडे पाहत होती, मग आपल्या पायांकडे. विहिरीपासून थोडी दूर आल्यावर तिनं आपली घागर वाटेच्या दगडावर उतरवली, दम घेतला, आणि हाक मारली, "थांब वं जराशी. तो डाक्तर कोठी बसते, सांग मले."